बारोरेच्या नावाची मूठ

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. सार्डिनिया बेटावरच्या पट्टाडा गावात माझा जन्म झाला. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि चाकू ज्याच्या त्याच्या खिशात. माझे पाते पोलादाचे आहे आणि ते अस्सल आहे. मुठीची मात्र मला लाज वाटते. तीच हकिकत सांगतो. ऐकून वाईट वाटले तर वाटू द्या, मलाही वाटते.

गोनारिओ हा आमच्या गावातला नावाजलेला चाकू करणारा. पाते तो चार दिवसांत घडवायचा, पण मुठीसाठी महिना महिना घालवायचा. दूरदूरची श्रीमंत गिऱ्हाइके येत. त्यांच्यापुढे तो ऑलिव्हच्या मुळाचे लाकूड मांडायचा, म्हशीचे काळे शिंग, शर्यतीच्या मोटारीत वापरतात तो कार्बन, बर्फात गाडल्या गेलेल्या प्राचीन हत्तीचा दातसुद्धा. त्याचा स्वतःचा जीव मात्र मेंढ्याच्या शिंगावर. ते माळ्यावर पाच वर्षे सुकवायचे, मगच करवत लावायची. ओल्या शिंगाची मूठ पुढे आक्रसते आणि तिला फट पडते. गोनारिओच्या चाकूला आजवर फट पडली नव्हती, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

मी नुसते पाते होतो तेव्हा बायन्झूकाका दुकानात आले. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर मेंढपाळ. बगलेत पोते, पोत्यात दोन शिंगे. अकरा वर्षे त्यांच्या कळपापुढे चाललेला बारोरे नावाचा मेंढा त्याच आठवड्यात मेला होता. काकांना मूलबाळ नव्हते, बायको कधीच गेलेली. बोलायला होता तो हा मेंढाच.

"याची मूठ कर. खिशात राहील माझ्या," काका म्हणाले.

"शिंग ओलं आहे, काका. पाच वर्षांनी या."

"पाच वर्षांनी काय थडग्यावर आणून ठेवणार आहेस?"

"आत्ता बसवलं तर उन्हाळ्यात फट पडेल."

"पडू दे. माझ्या दातांत काय कमी फटी आहेत? जेवायचा थांबलोय का मी?"

"तुमच्या दातांना पाहून लोक तुम्हाला हसतील. चाकूला पाहून मला हसतील."

"हसू दे की एकदा! माझा बारोरे मला दे, फटीसकट दे."

"बरं, करतो," गोनारिओ म्हणाला.

काकांची पाठ वळताच त्याने बारोरेची शिंगे माळ्यावर टाकली आणि तिथले आठ वर्षे सुकलेले दुसरे शिंग खाली काढले. कुणा परक्या मेंढ्याचे. म्हाताऱ्याला काय कळणार, समाधानाने डोळे मिटेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरे तर त्याला स्वतःचे नाव जपायचे होते. मी त्याच्या हातात होतो, मला ठाऊक आहे.

मी तयार झालो आणि गावभर माझे कौतुक झाले. मधासारखा रंग, केसभर फट नाही. काकांनी मला उलटेसुलटे करून पाहिले.

"उजव्या शिंगात काळी रेघ होती रे. ती कुठे गेली?"

"घासताना गेली, काका."

काकांनी विश्वास ठेवला. मग माझी खरी शिक्षा सुरू झाली. ते माझ्या पात्याने भाकरीबरोबरचे चीज कापत आणि माझ्याशी बोलत. "बारोरे, वारा फिरलाय बघ." "बारोरे, डॉक्टर म्हणतो मीठ सोड. तुला जमलं होतं का रे?" त्यांचा अंगठा दिवसभर माझ्या मुठीवर फिरे. ती माया दुसऱ्याची होती आणि मी ती चोरासारखा घेत होतो. मित्रांनो, मला तोंड असते तर पहिल्याच दिवशी सांगितले असते.

आणि काका काही मेले नाहीत. पाच वर्षे झाली, सहावे लागले. माझा खिळा सैल झाला म्हणून ते मला घेऊन दुकानात आले. गोनारिओची मुलगी बोनारिया शिंग कापत बसली होती. तिला यातले काहीच माहीत नव्हते.

"या काका! बघा तरी काय शिंग आहे. मिलानहून एक डॉक्टर गिऱ्हाईक आलेत, त्यांना दाखवलेलं काही पसंत पडेना, हे बघताक्षणी घेतलं."

कापलेल्या तुकड्यात काळी रेघ होती. काकांनी तिच्यावर बोट ठेवले.

"हे कुठलं?"

"आमच्याच माळ्यावरचं. पाच वर्षं सुकलंय, दगड झालाय नुसता."

काकांनी मला खिशातून काढले आणि मागे उभ्या गोनारिओसमोर धरले. "मग हा कोण आहे?"

गोनारिओचा चेहरा उतरला. "फट पडली असती, काका."

"पडू दे म्हटलं होतं ना तुला?"

"आता बसवतो. याच पात्यावर, तुमच्यासमोर."

"आता? पाच वर्षं ज्याच्याशी बोललो, त्याला काय सांगू? चल, ऊठ, तू बारोरे नव्हेसच?"

बोनारियाने करवत खाली ठेवली. काकांनी शिंगांचे तुकडे रुमालात बांधले, मला खिशात टाकले आणि सैल खिळ्यानिशीच घरी आणले.

त्यांनी मला फेकले नाही. रोज चीज कापतात, पुसतात, तेलही लावतात. पण आता ते कुणाशीच बोलत नाहीत. तुकडे रुमालातच आहेत, गाठ त्यांनी सोडलेली नाही. एक उरलेला सोबतीही आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला.

मित्रांनो, चाकूला गंज चढू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरे मागतो. म्हाताऱ्या माणसाने एखादी वस्तू फटीसकट मागितली, तर त्याला ती फटीसकटच द्या. आपले नाव खराब झाले तर होऊ द्या.