पांढरे चौकोन

"आमच्या बाजूला तर कुणी चढलंच नव्हतं गं," धम्मपालमामा फोनवर दर्शनाला म्हणाला. बिल्डरच्या वॉचमनने कुत्री सोडली होती, म्हणून सर्व्हेची पोरं खालूनच परत गेली होती. आज ती कुत्रीही दिसत नाहीत, त्यांच्या जागी माती खोदायचं मशीन आलंय, असं मामा म्हणाला.

पुरातत्त्ववाल्यांची मोजणी सॉफ्टवेअरमध्ये घालून नकाशे काढणं, हे दर्शनाचं विलेपार्ल्यातलं काम. टेकडीचे चौकोन पाडायचे, त्यांतली जुनी खापरं मोजायची. जिथे काही नाही तिथे नकाशा पांढरा. कांजूरमार्गच्या टेकडीची मामाकडची बाजू पांढरीफटक आली होती, आणि त्यावरच बिल्डरला ती तोडायला परवानगी मिळाली होती. पायथ्याशी मामाचं घर होतं.

तिने मूळ आकडे उघडले. शोधून काही मिळालं नाही तर शून्य लिहायचं, पाहिलंच नसेल तर चौकोन कोरा सोडायचा, अशी फील्डवाल्यांची रीत. कोऱ्या चौकोनांवर प्रोग्राम अडून बसला, तेव्हा घाईत तिनेच एका कमांडने सगळीकडे शून्य भरलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिच्या ऑफिसचे प्रमुख देवव्रत सर, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रिपोर्ट गेला, आता गप्प बसायचं, एवढंच ते म्हणाले. ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी अगदी मायेने विचारलं, "तुझे मामा नक्की कुठल्या गल्लीत राहतात गं?"

ती तडक निघाली. रिक्षात बसल्या बसल्या तिने चूक कबूल करून दुरुस्त नकाशा परवानगी देणाऱ्या ऑफिसला धाडला. कांजूरमार्ग आलं तरी तिकडून उत्तर नव्हतं.

मशीनने टेकडीची कड कापून काढली होती. उघड्या मातीत लाल-काळ्या खापरांचा जाड थर दिसत होता. गल्लीतली माणसं दारादारांत उभी होती. दर्शना धावत जाऊन मशीनसमोर उभी राहिली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही. तो फोनवर कुणाला तरी विचारत होता.

मामा तिच्याजवळ आला. "जुनं आहे ना हे?"

"खूप जुनं."

"मग इथे काही नाही असं लिहिलं कुणी?"

"मी, मामा."

ड्रायव्हरने फोन खिशात टाकला आणि मशीन पुढे घेतलं. मामाने तिचा दंड धरला आणि तिला मशीनच्या वाटेतून बाजूला घेतलं.