वरीलप्रमाणे

दिव्यांच्या धंद्यात ललिता घरत यांचं नाव मोठं होतं, आणि ते त्यांना कुणी बक्षीस दिलेलं नव्हतं. मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेली वायरमनची मुलगी विजेची इंजिनियर होते, कारखान्यांच्या दिव्यांवर तीस वर्षं संशोधन करते आणि खालापूरच्या प्रयोगशाळेची प्रमुख होते, यात बरीच हाडं झिजतात. हाताखालची पोरं त्यांना वचकून असत. न मोजता कुणी आकडा लिहिला की बाई कागद त्याच्या अंगावर परत टाकत.

वडील, सदू घरत, रसायनीच्या एका कारखान्यात होते. यंत्रावर तीन ट्यूब लावायच्या असल्या की ते तिन्ही विजेच्या वेगवेगळ्या फेजवर, म्हणजे तीन वेगळ्या तारांवर, जोडत. ट्यूब क्षणाक्षणाला मिणमिणते, म्हणजे उजळते नि विझते. डोळ्याला ते कळत नाही, पण सगळ्या एकाच फेजवर असल्या आणि एकाच वेळी मिणमिणल्या तर गरगर फिरणारं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं. "एका फेजच्या उजेडात यंत्र खोटं बोलतं गं," असं ते लेकीला सांगत. पुढे एलईडीचे दिवे आले, त्यांचा उजेड स्थिर, आणि ललिताबाईंनी भर सभेत सांगून टाकलं की तीन फेजची ती जुनी खटपट आता संपली. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत म्हातारा बसला होता, त्यानेही वाजवल्या. तो जाऊन आता चार वर्षं झाली.

बाईंचा सगळ्यात गाजलेला दिवा होता आपोआप मंद होणारा. ऊन चढलं, छताच्या पारदर्शक पत्र्यांतून उजेड आला, की हा आपला उजेड कमी करून वीज वाचवायचा. तालुक्यातल्या किती कारखान्यांनी तो लावला याची गणती नाही. त्यातल्याच एका कारखान्यात, भर दुपारी, पोशाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पोशा ठाकुरवाडीचा. रोज डोंगर उतरून पळसदरीला यायचा आणि तिथून कंपनीच्या टेंपोने कामावर. यंत्रांखालचा लोखंडाचा किस झाडून काढायचं त्याचं काम. एका यंत्राच्या मोठ्या चाकात चिंधी अडकलेली दिसली, ती काढायला त्याने हात घातला. यंत्र आतल्या बाजूला होतं, तिथे ऊन पोचत नसे, उजेड सगळा दिव्यांचाच; आणि चाकापुढची जाळी दुरुस्तीला काढलेली होती. चाक थांबलेलं होतं, असं तो म्हणत होता. ते चालू होतं, असं बाकी सगळे म्हणत होते. कारखान्याचे मॅनेजर सुनील साहेब यांनी चौकशीच्या कागदावर 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द आधीच टाईप करून घेतले होते. उजेड पुरेसा होता एवढा दाखला ललिताबाईंनी द्यायचा, की प्रकरण मिटलं.

अपघाताला दोन महिने होत आले तेव्हा, एका सोमवारी, बाईंनी जाऊन उजेड मोजला. भरपूर होता. मीटर पिशवीत टाकून त्या निघाल्या, तर दाराशी पोशा उभा होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने नुकसानभरपाईचं विचारलं नाही. नोकरीचंही नाही.

"मॅडम, चाक खरंच थांबलं हुतं. मी काय येडा हाय का, चालत्या चाकात हात घालाया?" मग आवाज उतरला. "सगळी म्हनतात नाय. घरवाली बी म्हनते, डुलकी लागली आसंल तुला. आता मलाच वाटाया लागलंय, लागली आसंल."

बाईंनी काहीतरी धीराचं बोलून गाडी गाठली. पण ते शेवटचं वाक्य त्यांच्या मागे लागलं. माणसाने बोटं गमावली ती गमावली, वर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही गमावायचा?

प्रयोगशाळेत येऊन त्यांनी त्या दिव्याची जुनी फाईल काढली. पूर्ण उजेडातली मिणमिण: मोजलेली, अगदी नगण्य. खालच्या ओळीत, मंद उजेडातली मिणमिण. तिथे आकडा नव्हता. त्यांच्याच वळणदार अक्षरात एक शब्द होता, 'वरीलप्रमाणे', आणि खाली सही.

त्यांना तो दिवस आठवला. माल पाठवायची घाई, बाहेर उभे असलेले ट्रक, आणि आपल्याला माहीतच आहे हा माज. दिवा त्यांनी टेबलावर लावून मंद केला आणि मोजला. मंद उजेडात तो मंद होत नव्हताच, सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करत होता. बाई खुर्चीत बसल्या. लाज वाटली, आणि वडिलांची फार आठवण आली.

गप्प बसणं सोपं होतं. उजेड पुरेसा होता, यात खोटं काहीच नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

गुरुवारी चौकशीला त्यांनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. त्या दिवशीसारखीच बाकीची यंत्रं धडधडत ठेवली, म्हणजे कुठलं चालू नि कुठलं बंद हे कानाला कळू नये. चाक सुरू केलं. ऊन पत्र्यावर आलं, दिवे आपोआप मंद झाले. भोवऱ्यासारखं फिरणारं चाक हळूहळू संथ दिसू लागलं आणि उभं राहिलं. आरे मोजता येत होते. सुनील साहेब म्हणाले, आता सुरू करा की. बाईंनी खराट्याची एक काडी पुढे केली. तिचे तुकडे उडाले.

"दिवा आमचा आहे," ललिताबाई म्हणाल्या. "मंद असताना मी तो तपासला नाही, आणि तपासला असं लिहिलं. सही माझी आहे. पोशाची काही चूक नाही." तेच त्यांनी कागदावर लिहिलं, आणि तो दिवा लावलेल्या प्रत्येक कारखान्याला त्याच दिवशी कळवायचं ठरवलं. आपल्या नावाचं पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं.

पोशा चाकाकडे बघत राहिला होता. मग त्याने विचारलं, "बंद करू नका जरा. घरवाली, सुंदरा, गेटवर हाय. तिला आनू का?"

सुंदरा आली, पदर सावरत, साहेबलोकांकडे न बघता. नवऱ्याने दाखवलं तिकडे तिने बघितलं. मान वाकडी करून पुन्हा बघितलं. तुटलेल्या काडीचे तुकडे तिच्या पायाशी पडले होते. तिने त्याचा बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"थांबलंय की रं," ती म्हणाली.

दोन महिन्यांत पोशा पहिल्यांदा रडला. ललिताबाईंनी हात वर केला, आणि चालकाने यंत्र बंद केलं.