बारीक ठिपके

चिमी आता साठीच्या उंबरठ्यावर आली होती, तरी घरीदारी सगळे तिला चिमीच म्हणत. तिला गर्व होता तो एकाच गोष्टीचा. ताईने वाचलेली कादंबरी ताईनंतर सगळ्यांत आधी आपल्या हातात पडते, याचा.

हा रिवाज लहानपणापासूनचा. वाचनालयाचं पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी. पुस्तकात काही लिहिलेलं दिसलं की आई पाठीत धपाटा घालायची, म्हणून ताईने युक्ती काढली. वाचताना जिथे रडू येईल, तिथे समासात पेन्सिलीचा नुसता ठिपका द्यायचा. आईला तो छपाईचा डाग वाटे. ताई आधी वाचायची, मग चिमी, आणि ठिपक्यापाशी पोचली की चिमी पुस्तक तसंच हातात धरून ताईकडे धावायची. पुढे लग्नं झाली, गावं बदलली, पुस्तकं विकत घेऊन कुरिअरने जाऊ-येऊ लागली आणि धावण्याऐवजी रविवारचा फोन आला. ठिपका मात्र तोच राहिला, जाड, काळाकुट्ट, कागदात रुतलेला. दीपगृहाच्या राखणदाराच्या बायकोसाठी आणि वेड्या घड्याळजीसाठी दोघी बहिणी एकाच ओळीवर रडल्या होत्या. "त्या कादंबऱ्यांत एवढं आहे तरी काय?" असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा चिमी फटकन म्हणाली होती, "ताई आहे."

मग भावजी गेले आणि ताईचं वाचनच बंद पडलं. चिमीने धीर धरला. वर्ष उलटल्यावर एका रविवारी ताई आपणहून म्हणाली, "एक कादंबरी झाली गं वाचून. होडीवाल्याच्या तीन मुलींची आहे. उद्या पाठवते."

चिमीला आकाश ठेंगणं झालं. तेवढ्यात ताई पुढे म्हणाली, "आणि बरं का, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईही वाचतात आता माझ्याबरोबर. टेलिफोन ऑफिसात होत्या. त्यांना मी आपला नियम सांगितलाय. त्यांनीही ठिपके दिलेत."

"अस्सं!" चिमी म्हणाली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आपला नियम! आईपासून लपवलेला, नवऱ्यालासुद्धा न सांगितलेला नियम त्या कोण कुठल्या हॅलोबाईला सांगून टाकला! हे नाव चिमीने फोन ठेवता ठेवताच पाडलं.

पुस्तक कुरिअरने चिमीच्या कामाच्या ठिकाणी आलं. चिमी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने दिव्याखाली पान धरलं. ठिपके दोन तऱ्हांचे होते. काही जाड, काळे, ओळखीचे. काही मात्र सुईच्या टोकाएवढे बारीक आणि फिके, जणू देणारीला देऊ की नको असं झालेलं.

जाड ठिपके अगदी जिथे हवेत तिथे होते. मधली मुलगी पुरात होडी सोडते तिथे, बाप तिला ओळखत नाही तिथे. चिमीचे डोळे घळाघळा वाहिले आणि मनात आलं, माझी ताई ती माझीच ताई. बारीक ठिपके मात्र भलत्याच ठिकाणी. कोणी भाजी निवडतंय, कोणी उशी उन्हात टाकतंय, कोणी नुसतं दार लावतंय. यात रडण्यासारखं काय मेलं? कादंबरी कशाशी खातात हे तरी हॅलोबाईला माहीत आहे का? आणि हिच्याबरोबर ताई चहा पीत वाचत बसते!

चिमीने खोडरबर घेतलं आणि एकेक बारीक ठिपका खोडून टाकला. खोडताना तिला फार बरं वाटलं. रबराचा चुरा तिने फुंकरीने उडवला आणि एका गिऱ्हाइकाचा चष्मा गुणगुणत बसवून दिला.

रविवारी तिने फोनवर जाड ठिपक्यांची तोंड भरून स्तुती केली. ताई नुसतीच "हो का" म्हणत राहिली.

"आणि दुसरे?" तिने शेवटी विचारलं.

"ते होय? त्यांत काही राम नाही," चिमी म्हणाली. "उगाच आपलं द्यायचे म्हणून दिल्यासारखे."

मग ताई म्हणाली, "असेल," आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ताईने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारच्या दुकानातून करून पाहिला तर म्हणाली, "कामात आहे गं, नंतर बोलते." चिमीची खात्रीच पटली, की ताईला आता हॅलोबाई पुरते. ती रात्र तिने तळमळत काढली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून रजा घेऊन, कादंबरी पिशवीत टाकून, थेट ताईच्या दारात जाऊन उभी राहिली.

हॅलोबाई तिथेच होत्या. ताईच्या शेजारी, ताईच्याच खुर्चीला खुर्ची लावून. बुटक्या, हसऱ्या, आवाज मधासारखा. त्यांच्या मांडीवर नवी कादंबरी होती आणि हातात ताईची ती आखूड, जाड पेन्सिल.

चिमीला ते सहन झालं नाही. "ताई, तुझी पेन्सिल यांना कशाला दिलीस?"

"मला ती आता दाबवत नाही," ताई म्हणाली. तिने बोटं पुढे केली. पेरं सुजून वाकडी झाली होती. "नातवाने ही बटणाची दिलीय. हलकी आहे. उमटतं आपलं थोडंसं."

चिमीने टेबलावरची पेन्सिल पाहिली. तिचं टोक सुईएवढं होतं.

"म्हणजे पुरातली होडी..." तिच्या तोंडून निघालं.

"तो माझा!" हॅलोबाई खुलल्या. "तुम्हाला फार आवडला म्हणे. ताईंनी सांगितलं, तेव्हा मी दिवसभर हवेत होते."

ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माझ्यात राम नव्हता म्हणालीस. मला वाटलं, हे गेल्यापासून आपलं वाचणंच बिघडलं. म्हणून फोन घेत नव्हते. काय बोलणार?"

चिमीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण जमिनी अशा वेळी कधी कामाला येत नाहीत.

"ताई, मला ते यांचे वाटले," ती म्हणाली. "मी जळले गं. मी सगळे खोडून टाकले."

ताईने पुस्तक घेतलं, पानं चाळली. समासात फक्त जाड ठिपके उरले होते. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "आता मला सांगता यायचं नाही, कुठे ते. त्या दिवशी रडू आलं तिथे आलं. परत वाचून थोडंच तिथेच येतं?"

मग हॅलोबाई खाकरल्या. "मला आठवतायत," त्या म्हणाल्या. "ताईंनंतर मी वाचलं ना. त्यांच्या प्रत्येक ठिपक्यापाशी मी थांबले होते. पहिल्यांदा मलाही कळेना, इथे काय आहे ते. मग दोन-दोनदा वाचलं."

चिमी त्या ठिपक्यांपाशी थांबली नव्हती. या वेळी राग काढायला तिच्या स्वतःखेरीज कोणी नव्हतं.

ताईने बारीक पेन्सिल उचलली आणि तिच्या हातात दिली. "खोडलेस तूच. तूच दे."

हॅलोबाईंनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. चिमीने वाचलं. 'त्या रात्री दाराची कडी तिने स्वतः लावली.' भावजी रोज झोपण्याआधी सगळी दारं तपासत, कडी स्वतः लावत आणि "झालं, आता चोर उपाशी," असं म्हणत. चिमी त्यांच्याकडे इतक्यांदा राहिली होती. तिने हे कितीदा ऐकलं होतं.

तिने समासात ठिपका दिला. ठिपका जरा लांबट झाला.

ताई पाहत होती. चिमीने नाक पुसलं आणि मान वर न करता विचारलं, "पुढचा कुठे आहे, बाई?"