नोंदीतले बारा संडास

सुमनताईंनी रंभाचं मनगट धरूनच तिला क्षेत्रीय कार्यालयाचा जिना चढवला. रंभा काही पळून जाणार नव्हती. कंपनीत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती आपल्या पायांनी आली होती. पण माणूस आपलं असो की परकं, ओढल्याशिवाय ते चालतं यावर सुमनताईंचा विश्वास नव्हता.

"काय म्हणायचं?" जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी पुन्हा विचारलं.

"खोलीला संडास नाही म्हणायचं."

"आन् कुलूप लावलेलं दार कशाचं, असं इचारलं तर?"

"आत लाकडं अन् भंगार हाय म्हणायचं."

"म्हणायचं काय त्यात? हायच."

वर दालनात शंभरेक माणसं बसली होती. समोर टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या मॅडम, बाजूला कारकून, आणि टेबलापुढं दांड्यावर बसवलेला माइक. जबाब माइकवरच द्यायचा, सगळं रेकॉर्ड होतं, असं दारातल्या शिपायानं बजावलं. सुमनताईंनी मागच्या रांगेत एक खुर्ची धरली, रंभा शेजारी भिंतीशी उभी राहिली. हातातला कागद त्यांनी घडी करून कमरेला खोचला. त्यावरचं काही त्यांना धड वाचता येत नव्हतं. दुसरीतून शाळा सुटली होती. पण आठ दिवसांत तो त्यांनी इतक्या जणांकडून वाचून घेतला होता, की कोणत्या ओळीवर काय लिहिलंय ते बोट ठेवून सांगता आलं असतं.

मैलापाण्याचा आकार आजवर घरपट्टीच्या पोटात असायचा. चिमूटभर मिठासारखा, कुणाला वेगळा लागत नसे. आता महापालिकेनं तो बाहेर काढला होता. संडास मोजायचे आणि त्यावर दर लावायचा. पाचापर्यंत असले तर ते घर, पाचाच्या वर गेले की धंदा. धंद्याचा दर घराच्या सहापट, आणि तोही नोंद झाल्या वर्षापासून. ज्याची हरकत असेल त्यानं सुनावणीला यावं. आज जे ठरेल ते तीन वर्षं हलणार नाही.

सुमनताईंच्या नावापुढं बारा लागले होते. कारकुनाची त्यात काही चूक नव्हती.

सात वर्षांपूर्वी भोसरीच्या गावठाणात मोजणीला दोन पोरी आल्या होत्या. कुणाच्या घरी संडास किती, हे लिहून घेत होत्या. पलीकडच्या ओट्यावरून धाकट्या जावेनं साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, आमचे सात. सुमनताई तेव्हा गहू निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "लिही बारा." बारा खोल्या, बारा संडास. दारं तर बारा उभी होतीच, पत्र्याची, वर रंगानं नंबर घातलेली. फक्त चारांत भांडी बसली होती आणि चारांनाच पाइप जोडला होता. बाकीच्या आठांचं काम नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या आजारपणात थांबलं, आणि यशवंतराव गेल्यावर थांबलं ते थांबलंच. पोरींनी फाटकातून दारं मोजली, चहा घेतला, गेल्या. तेव्हापासून आठ दारांना कुलपं. आत लाकडं, मोडक्या खाटा, मुलाच्या, जयदीपच्या वर्कशॉपचं भंगार. चार संडासांपुढं बारा खोल्यांची सकाळी रांग लागे, आणि आल्यागेल्यानं विचारलं तर प्रत्येक खोलीला स्वतंत्र आहे असंच सांगायचं, ही ताकीद भाडं ठरवतानाच मिळे. सुमनताई याला खोटं मानत नसत. ते पुढच्या वर्षीचं खरं होतं.

आता ते बारा गळ्याशी आले होते. जयदीपचं वर्कशॉप बंद पडून दीड वर्ष झालं होतं. ज्या कंपनीचं काम तो करायचा ती चाकणला गेली आणि तिनं तिथलाच माणूस धरला. घरातली पाच तोंडं भाड्यावर जगत होती. मैलापाण्याचं बिल वर्षभराच्या भाड्याहून मोठं होतं, आणि महिनाअखेर नळ तोडू, असं कागदात शेवटच्या ओळीत होतं. नळ तोडायच्या नुसत्या बातमीनं तीन खोल्या रिकाम्या झाल्या. पाण्याशिवाय उरलेले किती दिवस राहणार? ज्या पुढाऱ्याच्या घरी त्या आयुष्यात चपला काढून गेल्या नव्हत्या, त्याच्या दारात त्या दोन तास बसून आल्या. त्याच्या माणसानं सांगितलं, आजी, वाट एकच. भाडेकरू उभा करा, त्याला खरं सांगू द्या. एवढी वर्षं बाराचा तोरा मिरवलात, आता चार म्हणा.

सुमनताईंनी रंभाला निवडलं, कारण नऊ नंबरच्या खोलीत ती सहा वर्षं होती आणि उलटं बोलत नव्हती. परभणीकडची बाई, नवरा देहूरोडला रखवालदार, वर्षाली नावाची एक पोरगी. रंभाही लगेच तयार झाली. खोली गेली तर तिलाच कुठं दुसरी मिळणार होती त्या भाड्यात?

बारा-तेरा नंबर झाले असतील. रंभानं एकाएकी पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.

"ताई," ती म्हणाली, "मामा."

तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाजूला, ज्योतीराम बसला होता. पांढरी टोपी, मांडीवर कागदांची पिशवी. वर्षालीला बघायला रविवारी मोशीहून जी मंडळी आली होती, त्यांत मुलाचा हा मामाच पुढं होऊन बोलत होता. मुलगा चाकणला कंपनीत कायम होता, घरचं चांगलं होतं, पोरगी पसंत पडली होती, शनिवारी साखरपुडा ठरला होता. त्या घरानं एक सोयरीक याआधी मोडली होती. मुलीकडच्यांनी फ्लॅट स्वतःचा सांगितला आणि तो भाड्याचा निघाला. ज्योतीरामानं ते रविवारी पोहे खाता खाता सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, गरिबी चालेल, आमीबी शेणामातीतलेच, पण खोटं चालणार नाही.

आणि लगेच त्यानं विचारलं होतं, इथं पाण्याची, संडासची सोय कशी काय. रंभानं तोंड उघडायच्या आत घरमालकीण म्हणून मानाच्या खुर्चीवर बसलेल्या सुमनताई बोलून गेल्या होत्या. माझ्या घरात खोलीला स्वतंत्र संडास हाय पाव्हणं, रांग लावायला ही काय धर्मशाळा न्हाई. रंभानं मान हलवली होती. संडासाच्या दारावरचा नऊ नंबर पाव्हण्यांनी स्वतः वाचला होता.

सुमनताई उठल्या आणि कारकुनाकडं गेल्या. नंबर मागं टाका, म्हणाल्या. संध्याकाळी घ्या, नाहीतर सगळ्यात शेवटी. कारकून म्हणाला, आजी, मागंपुढं होत नाही, आणि त्याच दमात त्यानं माइककडं बोट केलं. नंबर त्यांचाच होता.

मॅडमनी अर्जावरून नजर फिरवली. त्या तरुण होत्या, आवाज थकलेला होता, पण चढा नव्हता.

"अर्ज मी वाचलाय आजी. तुम्ही थांबा जरा. भाडेकरू कोण? तुम्ही का? माइकजवळ या."

रंभा माइकजवळ गेली.

"खोली नंबर नऊ. तुमच्या खोलीला स्वतंत्र संडास आहे का?"

दालनात कुणीतरी खोकलं. रंभानं माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, एसटीतला धरावा तसा. सुमनताई तिच्या पाठीकडं पाहत होत्या. पाठीवर पदर घामानं चिकटला होता. बोल, रंभे, त्या मनात म्हणाल्या. पाच तोंडांचा घास आहे त्या एका शब्दावर.

"हाय," रंभा म्हणाली.

"आहे?"

"हाय मॅडम. स्वतंत्र हाय."

सुमनताईंच्या तोंडात अशी शिवी आली, की ती आत ठेवायला त्यांना दात दाबावे लागले. तीन पावलं टाकून त्या माइकशी पोचल्या. एका वाक्याचं काम होतं. ही बाई घाबरलीय, दारं उघडून बघा, आत लाकडं हायेत. एवढं म्हटलं की घर वाचत होतं.

"मग हरकत कशाची आहे आजी?" मॅडमनी विचारलं. "अर्जात एक आणि जबाबात एक. पाहणी लावू का? माणूस आत्ता पाठवते. तासाभरात येऊन तो इथंच सांगेल काय आहे ते."

सुमनताईंनी खिडकीकडं पाहिलं. ज्योतीरामानं त्यांना ओळखलं होतं. त्यानं टोपीला हात लावून नमस्कार केला, पाव्हण्यानं करावा तसा, अदबीनं. मग त्यांनी रंभाकडं पाहिलं. रंभा त्यांच्याकडं बघत नव्हती. ती फरशीकडं बघत होती, आणि तिच्या पायाचा अंगठा चपलेच्या पट्ट्यात एवढा जोरात रुतला होता, की नख पांढरं पडलं होतं.

"माझ्या दाराची कुलपं उघडायला सरकारचा माणूस यायचा न्हाई," सुमनताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा निघाला, साऱ्या आळीला पुरेल असा. "बारा म्हणलं व्हतं, बाराच हायेत."

"आजी, मग व्यावसायिक दर कायम होईल. मला नंतर बदलता येणार नाही. घरच्यांना विचारायचंय का?"

"घरात इचारायला माझ्या वरचं कोण हाय? लिहा."

मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला माज बघा केवढा, आणि दोन-चार जण हसले. कारकुनानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. सुमनताईंनी ते बोटानं परत सारलं आणि पेन मागितलं. नाव लिहायला त्यांना वेळ लागला. मात्रा, वेलांट्या कागदावर जागा शोधत गेल्या, पण नाव पुरं झालं. कारकुनानं त्यावर शिक्का मारला.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी येईपर्यंत रंभानं हुंदका धरून ठेवला होता.

"ताई, माझी जीभच उचलली नाही. त्यांनी ऐकलं असतं तर—"

"गप." सुमनताईंनी भिंतीला हात टेकला. उन्हात उभं राहिल्यासारखं डोळ्यांपुढं पिवळं झालं होतं. नळ तोडायला येणारी माणसं, जयदीपचं तोंड, सामान घेऊन टेम्पोत बसणारी बिऱ्हाडं, सगळं एकामागून एक दिसत होतं, आणि त्यांच्या पुढं काहीच दिसत नव्हतं. "शनिवारी पोरीला नीट नेसव. गबाळ्यावानी उभी करू नको. आन् रडायचं ते घरी जाऊन रड, हितं माणसं हायेत."

आत माइक खरखरला. पुढचा नंबर पुकारला, आणि जो आवाज आला तो दोघींच्या ओळखीचा होता.

"मॅडम, मी मोशीहून आलोय. माझ्या दाजींच्या घराचं हाय. दाजी कामावर हायेत म्हणून मी आलो. सहा लागल्यात आमच्या नावावर."

"बरं. खरे किती आहेत?"

"दोनच." ज्योतीराम जराही अडखळला नाही. "त्याचं काय झालं, मोजणीवाले आले तवा शेजारच्यानं चार सांगितले. मग आमचे दाजी कशाला मागं राहतात? सहा म्हणून मोकळे झाले. थापच मारली म्हणा की. आता पैसं भरायची येळ आली, आता कसली आलीय लाज?"

दालन खदखदून हसलं. मॅडमही हसल्याचं माइकवर ऐकू आलं.

"पाहणी लावू?"

"लावा की. आत्ता चला. चहा पाजतो."

"राहू दे. दोन. घरगुती. सही करा."

रंभाचं रडणं थांबलं होतं. मामाचे दाजी म्हणजे वर्षालीचे होणारे सासरे. ती दाराकडं वळली, एक पाऊल पुढं टाकलं.

"ताई, मी परत जाते. मी सांगते माइकवर, मी खोटं बोलले म्हणून सांगते."

"शिक्का मारलाय त्यानं."

"तरी सांगते. विनवते त्यांना."

"रंभे." सुमनताईंच्या आवाजात एवढा वेळ जे होतं ते आता नव्हतं. "जाशील तशी परत येशील. कुणी ऐकणार न्हाई."

त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर हळूहळू खाली बसल्या. लोक वर-खाली करत होते, त्यांच्या गुडघ्यांना पिशव्या लागत होत्या. आतून ज्योतीराम बाहेर आला, दोघींना बघून थबकला, आणि हसून म्हणाला की झालं बुवा एकदाचं, तुमचंबी झालं का. सुमनताईंनी मान हलवली, व्हय, झालं. शनिवारी येतो, म्हणून तो उतरून गेला.

रंभा तशीच उभी होती. सहा वर्षांत ती सुमनताईंसमोर कधी बसली नव्हती, आणि कुणी बस म्हटलंही नव्हतं.

"उभी राहून काय करतीस?" सुमनताई म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा घोळ आवरला आणि भिंतीकडं सरकून पायरीवर एका माणसाची जागा केली.