चालून राहिली

पहाटेच्या ओल्या डांबरी रस्त्यावरून दिघोरीत एक आवाज येतो. आधी छत्रीच्या टोकाचा टक्, मग एका चपलेचा फटक्, आणि मागून दुसऱ्या पावलाची किंचित रेंगाळलेली सर्र. आभाळ अजून राखाडी असते, धानाच्या बांध्यांतल्या पाण्यात उजेड नुकता उतरू लागलेला असतो, रात्रभर ओरडून बेडकांचे घसे बसलेले असतात, आणि त्या शांततेतून तो आवाज तलावाच्या पाळीकडे एका लयीत सरकत जातो. गावातल्या कैक घरी आता तो आवाज ऐकूनच चहाचे आधण ठेवतात. ही माझी शेवंतामावशी, आईची धाकटी बहीण, वय वर्षे त्रेसष्ट. तिच्या चालण्याचे मला एवढे अप्रूप का, हे सांगायचे तर आधी तिच्या बसण्याविषयी सांगावे लागेल.

लहानपणापासून मी मावशीला वाकलेली पाहिली, पण ते वाकणे कष्टाचे आणि कौशल्याचे होते. चाळीस पावसाळे तिने धानाची रोवणी केली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, कमरेतून दुमडलेली पाठ, डाव्या हातात कोवळ्या रोपांची पेंडी, आणि पाण्यात उतरून क्षणात वर येणारी उजव्या हाताची बोटे. ती मागे मागे सरत जाई आणि तिच्यासमोरचे गढूळ पाणी हिरवे होत जाई. दिवस कलला की ती ताठ उभी राही, दोन्ही तळहात कमरेवर ठेवी आणि केलेल्या कामावरून एकवार नजर फिरवी. त्या नजरेत असा तोरा असे की बांधीचा मालकसुद्धा क्षणभर पाहुणा वाटावा.

दोन वर्षांपूर्वी मावसाजी गेले. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो आणि आमच्या मायेला एकच शब्द सुचला: बस. पाणी सून भरेल, तू बस. केर निघाला, तू बस. भांडी राहू दे, मावशी, तू आपली बस. मावशी बसली. आधी दुःखाने बसली, मग सवयीने बसली, आणि पुढे उठताच येईना म्हणून बसली. वजन वाढले, रक्तात साखर आली, गुडघे कुरकुरू लागले.

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत कुठलीही क्रिया एकटी निघत नाही, तिला जोडीला 'राहणे' लागते. कुणी जात नसतो, जाऊन राहिलेला असतो. कुणी जेवत नसतो, जेवून राहिलेला असतो. नोकरीमुळे मी भंडाऱ्याला राहतो. फोनवर विचारायचो, "मावशी, काय करून राहिली?" तिकडून उत्तर यायचे, "काई नाही गा. बसून राहिली." आमच्या मुलखातल्या माणसाला यात साधा वर्तमानकाळ ऐकू येईल. मला मात्र धस्स व्हायचे, कारण ती खरोखरच बसून राहिली होती.

अशात मी एक चूक केली, आणि ती फार प्रेमाने केली. लाखांदूरच्या बाजारातून हातांची निळी प्लास्टिकची खुर्ची आणली. आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या संध्याकाळी, ती गावच्या बुद्धविहारात मागच्या भिंतीशी ठेवली आणि मावशीला तिच्यावर बसवले. बाकीच्या बाया पांढऱ्या लुगड्यांत सतरंजीवर. मावशी त्यांच्या मागे, उंचावर, एकटी. वंदनेच्या वेळी पिकावरून वारा जावा तशी ती सारी शुभ्र रांग खाली झुकली, माथे भुईला टेकले, आणि जोडलेले हात कपाळाशी धरून मावशी तेवढी वर उरली. मला वाटले, काय छान सोय झाली! घरी आल्यावर तिने पदराने डोळे पुसले.

"माहा माथा भुईले नाही टेकला आज," ती म्हणाली. "तुहे मावसाजी गेले त्या दिवशीबी टेकला होता."

"पण गुडघ्यायचं काय करशील, मावशी?"

"थे मी पाहीन. आश्विन पौर्णिमेले वर्षावास सरते. त्या दिवशी मी सतरंजीवर बशीन आन् आपल्या पायानं उठीन. कोणाच्या हातानं नाही."

मला ते बोलणे त्राग्याचे वाटले. माझे चुकलेच.

डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितले की हाडे शाबूत आहेत, मांड्या मात्र झोपी गेल्या आहेत. त्यांना रोज उठवावे लागेल. साखरेसाठी गोळी लिहून दिली आणि बाकीचे सारे तिच्यावर सोपवले. मग मावशीने स्वतःलाच रोवायला घेतले. पहिल्या पहाटे ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथल्या दगडावर टेकली. दुसऱ्या दिवशी शेजारची पारबता तिच्यासोबत निघाली. चाळीस वर्षे दोघींनी एकाच ओळीत रोवणी केली होती, चालण्याची ओळ तेवढी नवी होती. श्रावणात त्या तलावाच्या पाळीला पोचल्या. बांधीतले धान पाण्यावर जसे हात हात उंच झाले, तशी मावशीची वाटही लांबत गेली. तिन्ही वेळा भात जेवणाऱ्या आमच्या मुलखात तिने तो दुपारच्या एका वाटीवर आणला आणि रात्री ज्वारीची भाकर मागितली, तेव्हा सासूबाई कशावरून रुसल्या हे बिचाऱ्या सुनेला दोन दिवस कळेना. चहातली साखर सुटली. घरामागच्या सांदवाडीतली भाजी ती स्वतः तोडू लागली, आणि कुणी "बस" म्हटले की असे डोळे वटारी की म्हणणाराच बसे.

आणि माझी ती खुर्ची! तिला मावशीने घरी आणून कामाला लावले. सकाळ-संध्याकाळ तिच्यावर दहा वेळा बसायचे आणि हात छातीशी बांधून दहा वेळा उठायचे. ते जमले तेव्हा खुर्ची विहारात परत गेली आणि बुटके स्टूल आले, स्टूल गेले आणि जेवणाचा पाट आला. मावशी अशी वीतवीत भुईकडे उतरत होती.

भाद्रपदातल्या एका रविवारी मी पाव किलो जिलेबी घेऊन पोचलो, तेव्हा पाटही बाजूला सारलेला होता. मावशी ओसरीवर भुईवर बसलेली, घामाघूम. दोन्ही पायांवर एकदम जोर देऊन ती उठू पाही आणि पुन्हा धपकन खाली येई. चौथ्या वेळी तिचा चेहरा रडवेला झाला. मी हात पुढे केला.

"हात नोको लावू!"

"पडशील ना वो!"

"भुईवरच तं हावो. आता पडून कुठं जाईन?"

खांबाला टेकून पारबता हे बघत होती. ती खदखदून हसली. "काहून वं शेवंता, चिखलातून पाय कसा काढतेत, भुलली का? आंधी येक, मंग दुसरा. दोन्ही संग ओढशीन तं चिखल सोडत नाही."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने डावा गुडघा भुईला टेकवला, उजवे पाऊल पुढे रोवले, भार हळूच त्याच्यावर आणला आणि वर आली. शेवटी खांब धरावा लागला, तरी आली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून पोरींसारख्या हसत होत्या. जिलेबी मी एकट्यानेच संपवली.

आश्विन पौर्णिमेला लवकर पिकणारे हलके धान पिवळे पडले होते आणि संध्याकाळी विहाराच्या उंबऱ्यापर्यंत चांदणे येऊन थांबले होते. सवयीने कुणीतरी निळी खुर्ची मागच्या भिंतीशी ठेवलीच होती. मावशी तिच्याजवळून गेली आणि सतरंजीवर, बायांच्या मधोमध बसली. वंदना झाली. पांढरी रांग झुकली, आणि या वेळी वर कुणीच उरले नाही. साऱ्यांचे माथे उचलले गेले तरी मावशीचा अजून टेकलेलाच होता. गेल्या दोन वर्षांचे काहीतरी ती तिथे ठेवत असावी.

समारोपाला सगळे उभे राहिले. मावशी खाली. दोन पावले पुढे होऊन मी हात लांबवला आणि तिने मान न वळवता नुसती भुवई उचलली. हात मागे आला. दाराशी पारबता येऊन थांबली होती, तिचे ओठ हलत होते: आंधी येक, मंग दुसरा. मावशीचा डावा गुडघा टेकला. उजवे पाऊल पुढे रोवले गेले. ते थरथरले, स्थिरावले, आणि बायांतून कुणीतरी न राहवून बोलले, "माय वं! मावशी उठून राहिली!"

मावशी उठली. खांब नाही, खांदा नाही, कुणाचा हात नाही. ताठ उभी राहून तिने दोन्ही तळहात कमरेवर ठेवले आणि साऱ्या विहारावरून एकवार नजर फिरवली. तीच नजर, तोच तोरा. मला आनंदाने रडू आले, आणि ते लपवावे म्हणून मी खाली बसलो. पुन्हा उठताना मात्र मला तळहात भुईला टेकवावा लागला. तिने नेमके ते पाहिले.

"काहून गा भाच्या," ती म्हणाली, "थे खुर्ची तुले देऊ का?"

परवा पहाटे मी तिला फोन केला. ती वाटेवर होती; तिच्या श्वासामागून टक्, फटक्, सर्र ऐकू येत होते. विचारले, "मावशी, काय करून राहिली?" ती म्हणाली, "चालून राहिली ना गा." निळी खुर्ची अजून विहारात आहे, भिंतीशी, रिकामी. घरातली मावसाजींची जागा रिकामी दिसली की गेलेल्या माणसाची आठवण येते. ही खुर्ची रिकामी दिसली की परत आलेल्या माणसाची येते. काळ पुढे जातो, जाणारे जातात, मावसाजीही गेले. मावशी राहिली, चालून राहिली.