पिवळा दिवा विझेपर्यंत

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि होते तेवढे सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते. गल्लीतले शेजारी, शिवप्पाकाका, अव्वा-अप्पा म्हणजे आई-वडील, आणि त्यांच्यात चेंगरलेली सिद्धेश्वरी. पाठीमागे टेबलावर तिनं स्वतः जोडलेला नवा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर यंत्रसिद्ध महाराज.

"मागं वळायचं न्हाय!" महाराज गरजले. "यंत्रात शक्ती उतरतीया. तेज सोसायचं न्हाय तुमाला, डोळ्यांच्या वाती होतील! आन् बटणाला कुणी हात लावला तर पुढचं मला इचारू नका. ओम् ह्रीं करंट क्लीं, ओम् ह्रीं व्होल्टेज क्लीं…"

जप लांबतच गेला. उदबत्तीच्या धुरानं शेजारणीला ठसका लागला, तो तिनं पदरात दाबला. शेवटी एकदम "स्वाहा!" झालं. सगळे वळले. आठवडाभर काळाठिक्कर असलेला पडदा उजळला होता. शिवप्पाकाकांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

महाराजांनी अंगाऱ्याचं बोट कॉम्प्युटरच्या पेटीवर ओढलं आणि निवाडा दिला. "यंत्र चांगलं हाय. दोष पोरीच्या हातात हाय. हिचा मंगळ आन् यंत्राची मेमरी. दोनी 'म' वरनं. एका घरात नांदत न्हाईत! हिनं याला शिवायचं न्हाय. घरातल्या पुरुषानं चालवावं."

घरातले पुरुष म्हणजे अप्पा. त्यांना माऊस कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नव्हतं.

फिजिक्सची पदवी घेऊन घरी बसलेल्या सिद्धेश्वरीला टॉवेलच्या एका कारखान्यानं डिझाइनचं काम देऊ केलं होतं. पहिली डिझाइनं सोमवारी द्यायची होती. त्यासाठी एकेक भाग निवडून तिनं हे मशीन जोडलं होतं. जुन्या कॉम्प्युटरची मेमरीची पट्टी नव्या मदरबोर्डात बसेना, कारण तिची खाच वेगळ्या जागी होती. तिनं जोर केला नाही. या बोर्डाला कुठली मेमरी चालते ते पाहून नवी जोडी आणली आणि 'टक्' आवाज येईपर्यंत बसवली. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच.

आणि पडदा काळा दिसला की अप्पा भिंतीवरचं बटण बंद करायचे. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेलेला. धागा तुटला की हात आधी बटणावर, विचार मागून. नाहीतर कापड वाया जातं.

"अप्पा, थांबा की जरा!"

"काय थांबू? आतनं जळून गेलं म्हंजे?"

तिनं एकच पट्टी लावून पाहिली, मग दुसरी, मग जागा बदलून. दर वेळी अप्पांचा हात तिच्या आधी पोचायचा. शेवटी ती रडकुंडीला आली आणि काका महाराजांना घेऊन आले.

आता तिनं धीर करून विचारलं, "महाराज, परत बंद करून चालू करून दाखवा की."

"देवाची परीक्षा घेतीस?"

"शिकून येडी झाली पोरगी," काका म्हणाले. "पाया पड आधी."

"काका, समोर आजोबांच्या फोटोची काच होती. त्यात मला सगळं दिसत होतं. महाराज वाकून उघड्या पेटीच्या आत बघत होते. मदरबोर्डावर पिवळा दिवा होता. तो विझला आणि लगेच स्वाहा झालं."

"आजोबांच्या फोटूत हेरगिरी करतीस व्हय? लाज कशी वाटत न्हाय?"

लोक हसले. महाराज नारळ घेऊन गेले. अप्पांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि पुढे खुर्ची ओढून बसले.

सिद्धेश्वरी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत विचार करत राहिली. तो दिवा मेमरीच्या पट्टीशेजारचा होता. महाराजांनी पट्टीला हात लावला नव्हता, तार हलवली नव्हती. मग आज वेगळं काय झालं? एवढंच, की बटण कुणी बंद केलं नाही! नवी मेमरी पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी ताळमेळ जुळवून बघतो. कधीकधी त्याला मिनिटं लागतात, तोवर पडदा काळा. मध्येच वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी ती अप्पांसमोर उभी राहिली. "माझा हात लागला की बंद पडणार ना? पडू दे एकदा. तुमच्या डोळ्यांदेखत."

अप्पा उठायच्या आत तिनं चादर काढली. मग अंगारा ओल्या फडक्यानं पुसला, वीज तोडून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून परत बसवली. बोर्ड आदली जुळवाजुळव विसरला. तिनं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

"बघ! महाराज म्हनले तसंच झालं!" अप्पांचा हात भिंतीकडे गेला.

तो वाटेतच धरला अव्वानं. "हा हुच्चाटा, हा येडेपणा पुरे झाला," ती म्हणाली. "त्या बाबासाठी भिंतीकडं तोंड करून थांबलात. लेकीसाठी न्हाय थांबत?"

"अप्पा, मागावर ताण्याचा नवा बीम चढवल्यावर एकेक धागा जोडता ना?" सिद्धेश्वरी म्हणाली. "तेवढ्यात कापड मागतं का कुणी? हितं बघा, हा पिवळा दिवा. जोडणी चाललीय."

अप्पांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. जप नाही, धूर नाही. पिवळा दिवा विझला आणि पडदा उजळला.

अप्पा खुर्चीवरून उठले. "बस. तुझं काम हाय."

दारातून शिवप्पाकाका म्हणाले, "अंगारा होता म्हनून चाललं."

तिनं फडकं दाखवलं. "पुसलाय काका."

"मग वास ऱ्हायला असंल."

खिडकीतून पलीकडच्या गल्लीतला आवाज येत होता, "ओम् ह्रीं इन्व्हर्टर क्लीं…" तिथेही आता लोक पाठ करून उभे असतील. कुणाकुणाचा हात धरायचा?

वाचकहो, काळ्या पडद्यासमोर थांबावं लागतं, त्यात कमीपणा नाही. पण कुणी भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, तर आधी विचारा, आमच्या पाठीमागे असं काय चाललंय, जे आम्ही बघायचं नाही? आणि उत्तर मिळो न मिळो, वळून बघा.

सिद्धेश्वरीनं खिडकी लावली आणि पहिल्या टॉवेलची किनार काढायला घेतली.