कासवाचा श्वास

या, असे जवळ सरका. गोष्ट सांगतो, पण रागाची आहे. ती अर्धीमुर्धी ऐकून उठायचं नाही.

मुलांसाठी हाताने चित्रपट काढणारी एक बाई होती. हजारो कागद, प्रत्येकावर तेच कासव, तसूभर पुढे सरकलेलं. मुख्य चित्रं ती काढायची, मधली सगळी तिची वहिनी. पंचवीस वर्षं दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. वहिनी गेली तेव्हा शेवटचं दृश्य हातावेगळं झालं होतं. कासव झोपलंय, एवढंच. पण झोपलेल्याचं एकच चित्र ठेवलं तर पडद्यावर मढं दिसतं, म्हणून वहिनीने तेच कासव तीनदा गिरवलं होतं. रेघ केसभर हलते आणि कासव श्वास घेतं.

बाईने तयार चित्रपट पाहिला. कासव मेलेलं.

"हे कोणी केलं?"

"मीच," निर्माता म्हणाला. "तिन्ही एकसारखीच होती हो. दोन काढून टाकली."

"कागद कुठायत?"

"रद्दीत गेले."

"अहो, माझ्या वहिनीच्या हातचं शेवटचं काम होतं ते!"

"ताई, पोरांना काय कळतंय त्यातलं!"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरांनाच कळतं! कळत नाही ते तुम्हाला. डोळे आहेत की खोबणीत बटणं शिवलीत?"

"उद्या शाळेच्या मुलांना दाखवायचंय. यंत्राने थोडं हलवून घेऊ."

"हलवाल हो. श्वास कुठून आणाल?"

उरलेला एक कागद हिसकावून ती टेबलाशी बसली. टेबलाच्या काचेखालचा दिवा लावला, त्या कागदावर कोरा कागद ठेवला. समोरची खुर्ची रिकामी. पेन्सिल अशी रुतली की कासव चावायला उठल्यासारखं दिसलं. फाडलं. दुसरं फाडलं, सातवंही. देवाचं नाव घेतलं, तरी राग उतरेना. देवालाही तो रास्तच वाटला असावा. शेवटी त्या रागासकट दोन चित्रं तिने ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर कासव झोपलं. पाठ वरखाली होत होती, धुमसत.

"हे चिडून झोपलंय," पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली.

बाईने वळून निर्मात्याकडे पाहिलं. तो चपलेकडे बघत होता. तिचा राग तरीही तसूभर हलला नाही.

त्या तीन चित्रांतलं एक शांत आहे, पातळ रेघेचं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत येतं आणि जातं. ते कासव कुठे दिसलं, तर तेवढ्या क्षणापुरती त्या वहिनीची आठवण काढा.